खच्चीकरण झालेला बोका घरात फवारे मारतो, तेव्हा

तुम्ही लिहिलेल्यातलं मला जे महत्त्वाचं वाटलं ते आधी मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. पुण्यात कोथरूडला पहिल्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे. गोट्या चार वर्षांचा बोका, आठव्या महिन्यात खच्चीकरण झालेलं, आजवर त्याने ट्रेबाहेर कधी लघवी केली नव्हती. नोव्हेंबरात तुम्ही चिऊला आणलंत. ती आता सात-आठ महिन्यांची आहे आणि तिचं नसबंदीचं ऑपरेशन अजून व्हायचंय. जानेवारीच्या शेवटापासून गोट्या बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या पडद्यावर, त्याच्या लगतच्या सोफ्याच्या पाठीवर आणि मुख्य दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर फवारे मारतोय. गेल्या आठवड्यात तुमच्या पत्नीच्या ऑफिसच्या बॅगेवरही मारला. फिनाईलने पुसून झालं, ओरडून झालं, एकदा त्याचं नाकही त्या जागी घासून झालं. पत्नीला पाचवा महिना आहे, आणि आई म्हणतात की बाळ यायच्या आत बोका लांब कुठेतरी सोडून या. तुम्ही विचारताय, खच्चीकरण केलेलं असूनही हा असं का करतो आणि ही सवय मोडायची कशी?

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे मांजरंच जास्त येतात. हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा थकलेली असतात, घरात भांडणं झालेली असतात, आणि बोका वाईट वळणाला लागलाय अशी त्यांची खात्री झालेली असते. म्हणून आधी हेच सांगते: गोट्या सूड घेत नाहीये, आणि ट्रे कुठे आहे हेही तो विसरलेला नाही. मांजर फवारा मारतं ते आपल्या वासाची खूण ठेवण्यासाठी. ती खूण कुणासाठी आहे, हे त्याने निवडलेल्या जागा पाहून बरंचसं ओळखता येतं. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे त्या चार जागांची यादी. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी दोन गोष्टी नक्की करायला हव्यात.

पहिली गोष्ट, हा खरंच फवारा आहे की लघवी? फवारा मारताना मांजर उभं असतं. वस्तूकडे पाठ करतं, शेपूट सरळ वर, शेपटीचं टोक थरथरत असतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात, आणि थोडीशी धार मागच्या बाजूला उडून उभ्या पृष्ठभागावर पडते: भिंत, पडदा, दाराची चौकट. ट्रेबाहेर लघवी करणारं मांजर मात्र बसतं आणि गादी, पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग अशा आडव्या जागी चांगलं थारोळं करतं. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. तुमच्या वर्णनातल्या पहिल्या तीन जागा उभ्या आहेत, डाग मांजराच्या पाठीच्या उंचीवरून खाली ओघळलेले आहेत, त्यामुळे तो फवाराच दिसतो. बॅगेबद्दल मला खात्री नाही. ती जमिनीवर आडवी पडली होती की भिंतीला टेकून उभी होती, हे आठवून पाहा. आडव्या बॅगेवर भरपूर लघवी सापडली असेल तर तो वेगळा धागा आहे आणि डॉक्टरांना तो जरूर सांगा.

आणि हे सगळं गोट्याच करतोय ना? तुम्ही त्याला पडद्याशी एकदा पाहिलंत, पण बाकीच्या जागी नाही. माजावर आलेल्या माद्याही फवारे मारतात. एखादा जुना मोबाइल सोफ्याकडे तोंड करून रात्रभर रेकॉर्डिंगवर ठेवा, उत्तर मिळेल. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून कोण करतं ते पाहू नका. वेगळं ठेवलं की त्यांच्यातला ताणही संपतो, मग फवारे थांबले तरी नेमकं काय कळलं ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट तब्येतीची. फवारे मारणाऱ्या बोक्याची लघवी मी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. मूत्राशयाला सूज असेल, लघवीत खडे किंवा खर असेल, तर ती आग आणि अस्वस्थता मांजराला चिडचिडं करते, आणि अशी मांजरं फवारेही मारतात आणि ट्रेबाहेरही करतात. चार वर्षांचा, घरातच राहणारा, कोरडं खाणं खाणारा आणि पाणी कमी पिणारा खच्ची बोका या त्रासाच्या नेमक्या वयात आणि वर्गात बसतो. लघवीचा नमुना घरून बाटलीत आणायची धडपड करू नका. डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात, मांजराला त्याचा फारसा त्रास होत नाही आणि नमुना शुद्ध मिळतो. सोबत सोनोग्राफी झाली तर खडे आहेत का तेही कळेल.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती जिवाशी संबंधित आहे. गोट्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, थेंब-दोन थेंबच येतायत किंवा काहीच येत नाहीये, खालची जागा सारखी चाटतोय, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबू शकतो. तुंबला की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. बरेच लोक कुंथणं पाहून बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल पाजतात. तसं करू नका, रात्री दोन वाजता का होईना, दवाखाना गाठा.

आता समजू की लघवी स्वच्छ निघाली. मग खच्चीकरण झालेलं असूनही हे का?

पूर्ण, म्हणजे खच्चीकरण न झालेल्या बोक्याच्या लघवीचा तो डोक्यात जाणारा वास फेलिनिन नावाच्या अमिनो आम्लामुळे येतो. ते हवेत उघडं पडलं की त्यातून गंधकयुक्त द्रव्यं सुटतात. मांजराच्या मूत्रपिंडात तयार होणारं कॉक्सिन हे प्रथिन फेलिनिन बनवायला मदत करतं, हे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवलं. या सगळ्यावर नर संप्रेरकाचा ताबा असतो, म्हणून खच्चीकरणानंतर वासही उतरतो आणि फवारे मारायची ऊर्मीही. दहापैकी नऊ बोक्यांत फवारे थांबतात किंवा अगदी कमी होतात; कुणात काही दिवसांत, कुणात काही आठवड्यांत. पण साधारण दहापैकी एक खच्ची बोका आणि वीसपैकी एखादी ऑपरेशन झालेली मादी आयुष्यात पुढे कधीतरी फवारे मारतेच. कारण खूण ठेवणं हे फक्त माजाचं काम नाही. जागा धोक्यात आहे असं वाटलं की नर असो, मादी असो, खच्ची असो, मांजर आपला वास ठेवतं आणि त्या वासाने त्याला स्वतःलाच धीर येतो.

(एक शक्यता तपासून बाजूला ठेवा: एखाद्या बोक्याचा एक वृषण पोटातच राहिलेला असतो आणि ऑपरेशनच्या वेळी एकच निघतो. आत राहिलेला संप्रेरक बनवत राहतो. पूर्ण बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात, ते खच्चीकरणानंतर काही आठवड्यांत नाहीसे होतात. डॉक्टरांनी तेवढं पाहिलं तरी कळतं. गोट्या तीन वर्षं शांत होता, त्यामुळे त्याच्या बाबतीत मला हे संभवत नाही; पण तुमच्यासारखाच त्रास असलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.)

आता त्या चार जागा. फवारे बाहेरच्या दारांशी आणि खिडक्यांशी असतील तर कारण बहुतेक घराबाहेर असतं. घराच्या आतल्या बाजूला, म्हणजे पॅसेजमध्ये, ट्रेजवळ, झोपायच्या खोलीच्या दाराशी असतील तर घरातल्या दोन मांजरांमधला ताण बघायचा. आणि पिशव्या, चपला, सुटकेस, नवीन फर्निचर यांवर असतील तर त्या वस्तूंसोबत आलेला परका वास. तुमच्याकडे बाल्कनीचा पडदा, त्या दाराजवळचा सोफा आणि मुख्य दाराजवळच्या चपला आहेत. शिवाय तुम्ही एका वाक्यात सहज लिहून गेलात की एक पांढरा-पिवळा बोका कंपाउंडच्या भिंतीवरून बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसतो, 'बिचारा काही करत नाही.' करतो. तो बाहेरून तुमच्या दाराच्या चौकटीवर फवारा मारत असणार, आणि जिन्यात, चपलांजवळही. तुम्हाला तो वास कदाचित जाणवत नसेल, गोट्याला जाणवतो. तो जमिनीशी नाक लावून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, ओठ वर ओढून थबकतो का पाहा. टाळूजवळच्या एका खास इंद्रियाने तो त्या वेळी दुसऱ्या मांजराचा वास तपासत असतो.

आणि तो बोका जानेवारीतच का यायला लागला? चिऊमुळे. सात-आठ महिन्यांची मादी माजावर यायला लागलेली असते. जमिनीवर लोळणं, मोठ्याने आळवणं, पाठीवर हात फिरवला की मागचा भाग वर करणं, हे तुम्ही पाहिलं असेल. बरेच लोक तिचं पोट दुखतंय असं समजून तिला माझ्याकडे घेऊन येतात. आपल्याकडे मांजरी वर्षातला बराच काळ माजावर येऊ शकतात, पण थंडी सरून दिवस मोठे व्हायला लागले की जोर वाढतो. माज साधारण आठवडाभर टिकतो आणि बोका लागला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. तिचा वास आणि आवाज आख्ख्या गल्लीतल्या बोक्यांना पोचतो. म्हणजे गोट्याच्या बाजूने पाहिलं तर घरात एक परकी मांजरी आली, ती मधूनमधून विचित्र वागते, आणि तिच्यामागे एक धटिंगण दाराशी येऊन बसतो. कॅलेंडरवर फवाऱ्यांच्या तारखा आणि चिऊच्या आळवण्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. त्या जुळल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला गोट्यासाठी नसून चिऊसाठी आहे: तिचं ऑपरेशन करून घ्या. ऐन माजात असेल तर रक्तस्राव जास्त होतो म्हणून काही डॉक्टर थोडं थांबायला सांगतात, ते त्यांच्यावर सोडा. पण पुढे ढकलत राहू नका. टाके भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. या एका गोष्टीने दाराशी येणाऱ्या बोक्याचं निम्मं कारण संपेल.

उरलेलं निम्मं बाहेर सोडवायचं. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती जाळी लावून घ्या. बोका कठड्यावर येऊ शकला नाही तर गोट्याला बराच दिलासा मिळेल, आणि पहिल्या मजल्यावरून दोघांपैकी कुणी खाली पडायचा धोकाही टळेल. सरकत्या दाराच्या खालच्या अडीच-तीन फुटांना दुधी फिल्म चिकटवा. प्रकाश येत राहतो, पण समोरासमोर डोळे भिडत नाहीत. बाहेरून पाहायला गोट्याला दुसरी उंच, सुरक्षित खिडकी मोकळी ठेवा, नाहीतर त्याची करमणूकच संपेल. सोसायटीत कुणी त्या बोक्याला खायला घालत असेल तर भांडू नका. फक्त खाण्याची जागा तुमच्या बाल्कनीपासून लांब, पलीकडच्या टोकाला न्यायची विनंती करा. आणि शक्य असेल तर त्या बोक्याचंही खच्चीकरण करून घ्या. पुण्या-मुंबईत भटक्या मांजरांसाठी हे करणाऱ्या संस्था आहेत, ऑपरेशन झालेल्याच्या कानाचं टोक कापून खूण करतात. मला माहीत आहे, स्वतःच्या मांजराचा खर्च असताना परक्या बोक्यावर पैसे घालायचे म्हणजे जड जातं. पण त्याला पकडून लांब सोडलं तर महिन्याभरात दुसरा त्याची जागा घेतो. खच्ची केलेला तोच बोका तिथे राहिला तर निदान फवारे आणि मारामाऱ्या कमी होतात. गेटला लाल किंवा निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगायचा उपाय तुमच्या सोसायटीत कुणी सुचवेलच. त्याने काही होत नाही.

स्वच्छतेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीच नुकसान करतात. फिनाईल आजच घरातून काढा. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. डेटॉलचंही तेच. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कोणतंही जंतुनाशक मांजराच्या घरात नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरेल. अमोनिया असलेली काचेची क्लीनरं वापरू नका. लघवी कुजल्यावर अमोनियाच सुटतो, म्हणजे तुम्ही पुसून वास आणखी ठळक करता. ब्लीच लघवीवर ओतलं तर त्या अमोनियाशी मिळून घातक वायू तयार होतो, आणि पत्नीच्या दृष्टीने तर ते नकोच. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवायचा सल्लाही मिळेल. त्या मांजरासाठी विषारी असतात. निलगिरी, टी ट्री, संत्र्या-लिंबाच्या सालीची सुगंधी तेलं, तिखट, यातलं काहीही नको.

मग करायचं काय? ओला डाग असेल तर आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, घासू नका. मग एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर (पाकिटावर तसं लिहिलेलं असतं) एक भाग आणि कोमट पाणी नऊ भाग असं मिसळून ती जागा नीट भिजवा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून पूर्ण वाळवा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात तयार एन्झाइम क्लीनर मिळतो, तो असेल तर आणखी चांगलं. भिंत, फरशी, धातू यांवर वाळल्यानंतर थोडं सर्जिकल स्पिरिट फिरवलं तर उरलेला तेलकट वास निघतो. मात्र खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा आणि पॉलिश केलेल्या लाकडावर ते वापरू नका. पडदा मशीनमध्ये दोनदा फिरवा. जुने डाग शोधायला नोटा तपासायचा निळसर प्रकाशाचा टॉर्च आणा आणि रात्री दिवे बंद करून फिरा. बाल्कनीच्या दाराची बाहेरची बाजू आणि मुख्य दाराबाहेरची चौकटही याच पद्धतीने धुवा. त्या बोक्याचा वास आत दरवळत राहिला तर आतली सगळी मेहनत वाया जाते.

धुतलेली जागा मोकळी ठेवू नका. सोफ्यामागे गोट्याचं अंथरूण ठेवा, पडद्याजवळ त्याच्या जेवणाची वाटी ठेवा. जिथे खातो-झोपतो तिथे मांजर सहसा खूण ठेवत नाही. चपलांचा रॅक दाराचा, बंद होणारा घ्या. बॅगा कपाटात किंवा उंच खुंटीला. बाहेरून आल्यावर चपला आत न आणता पेटीत ठेवल्या तरी बरंच साधतं.

ओरडण्याबद्दल आणि नाक घासण्याबद्दल तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणून टोमणा न मारता सांगते: ते थांबवा. मांजराला शिक्षा आणि दहा मिनिटांपूर्वीचा फवारा यांचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की या घरात आता माणसंही भरवशाची राहिली नाहीत. ताण वाढतो, फवारे वाढतात, फक्त ते तुमच्या डोळ्यांआड होऊ लागतात. प्रत्यक्ष मारताना दिसलाच तर टाळी वाजवू नका, पाणी उडवू नका. दुसऱ्या खोलीत जाऊन त्याच्या खाऊचा डबा वाजवा, तो तिकडे येईल.

गोट्या आणि चिऊ यांच्यात मारामारी होत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. मांजरांचं वैर बहुतेक वेळा आवाजाशिवाय चालतं. एक मांजर पॅसेजच्या मधोमध नुसतं बसून राहतं आणि दुसरं मागे फिरतं. ट्रेमधून बाहेर पडणाऱ्यावर दबा धरला जातो. एकटक बघणं, जेवणावरून हळूच उठवून लावणं. तुमच्याकडे दोन मांजरांना एकच ट्रे आहे आणि तो न्हाणीघराच्या आत, म्हणजे जाण्या-येण्याची वाट एकच. तीन ट्रे ठेवा, किमान दोन वेगवेगळ्या खोल्यांत. दुकानातले ट्रे बहुतेक लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा. मी सरळ हार्डवेअरच्या दुकानातलं मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा उथळ टब घ्यायला सांगते. बिनवासाचं, गुठळ्या होणारं लिटर (ट्रेमध्ये पसरायची मांजरांची माती), तीन-चार सेंटिमीटर थर, दिवसातून दोनदा उपसायचं. पाण्याची आणि जेवणाची भांडी दोघांची वेगळी, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. कपाटावर किंवा लॉफ्टवर गोट्याला चढून बसायला जागा करा, जिथे चिऊ सहज पोचत नाही. दोघांच्या अंगावरून एकेक सुती रुमाल फिरवून तो दुसऱ्याच्या अंथरुणाजवळ ठेवत जा, वासाची ओळख वाढते. ऑपरेशननंतर चिऊ दवाखान्याचा वास घेऊन परत येईल, तेव्हा गोट्या तिच्यावर फिस्कारण्याची शक्यता आहे. एक-दोन दिवस तिला वेगळ्या खोलीत ठेवून मग हळूहळू भेटवा.

मांजराच्या गालातून निघणाऱ्या वासाची कृत्रिम नक्कल असलेली, प्लगला लावायची उपकरणं मिळतात. एका उपकरणाचा परिणाम साधारण ५० ते ७० चौरस मीटर जागेत आणि महिनाभर राहतो. काही मांजरांत मला चांगला फरक दिसला, काहींत अजिबात नाही. खर्च झेपत असेल तर त्या सोफ्याजवळ महिनाभर लावून पाहा, पण बाकीचं न करता नुसतं तेवढंच लावू नका.

किती दिवसांत फरक पडेल, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. त्रास सुरू होऊन दोनच महिने झालेत, कारणं ठळक दिसतायत आणि गोट्या आधी तीन वर्षं शांत होता, ही तुमची जमेची बाजू. चिऊचं ऑपरेशन आणि जाळी झाल्यावर तीन-चार आठवड्यांत फवाऱ्यांची संख्या उतरायला हवी. मी मुद्दाम संख्या म्हणतेय. दर आठवड्याला किती झाले ते लिहून ठेवा, नाहीतर एका नव्या डागाने 'काहीच फरक नाही' असं वाटतं आणि माणूस मध्येच सोडून देतो. पूर्ण शून्यावर येईलच असं वचन मी कुणालाच देत नाही. वर्षानुवर्षं फवारे मारणाऱ्या किंवा चार-पाच मांजरांच्या घरातल्या बोक्याबद्दल तर अजिबातच नाही.

दीड-दोन महिन्यांत काहीच उतार पडला नाही तर औषधाचा विचार करावा लागेल. फ्लुओक्सेटिनसारखी मनाचा ताण कमी करणारी औषधं मांजरांच्या फवाऱ्यांवर उपयोगी पडतात, यावर २००१ पासून चांगला अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. पण आधी रक्ततपासणी लागते, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, सुरुवातीला भूक कमी होऊ शकते, आणि बंद करताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. औषध थांबवलं आणि बाहेरचा बोका तसाच असेल तर फवारे परत येतात. म्हणून मी ते पहिल्या दिवशी देत नाही, पण गरज असताना नाकारतही नाही. सतत धास्तावलेलं मांजर हेही आजारीच असतं. मेडिकलमधून माणसांच्या गोळ्या आणून अंदाजाने देणं मात्र जिवावर बेतू शकतं.

राहिला आईंचा मुद्दा. घरात वाढलेल्या बोक्याला लांब सोडून आलात तर तो बहुधा उपाशी मरेल, नाहीतर गाडीखाली किंवा मारामारीत जाईल. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. पण आईंची काळजी मला खोटी वाटत नाही, तिचं नीट उत्तर द्यायला हवं. गरोदरपणात मांजरामुळे ज्याची भीती असते तो टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, लघवीतून नाही. विष्ठेतली त्याची अंडी संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला एक ते पाच दिवस घेतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला आणि ते काम पत्नीने न करता तुम्ही केलंत तर धोका फार कमी होतो. दोन्ही मांजरांना कच्चं मांस देऊ नका, त्यांना बाहेर शिकार करायला सोडू नका. पत्नीला संसर्ग व्हायची जास्त शक्यता अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतून असते. त्यांच्या डॉक्टरांना घरात मांजरं आहेत हे सांगा, हवी तर ते रक्ताची चाचणी करतील.

बाळ यायला तुमच्या हातात चारेक महिने आहेत, आणि ते पुरेसे आहेत. फक्त बाळाचं सामान शेवटच्या आठवड्यात एकदम घरात आणू नका. पाळणा, दुपटी, बाळाची पावडर हे सगळं गोट्यासाठी परक्या वासाचं असेल, आणि तुमचा बोका अशा वस्तूंवर खूण ठेवतो हे बॅगेने दाखवून दिलंय. सातव्या महिन्यापासून एकेक वस्तू आणा, ती एक-दोन दिवस गोट्याला लांबून हुंगू द्या, जवळच त्याला खाऊ द्या. बाळाची खोली ठरली असेल तर तिचं दार आत्तापासूनच मांजरांसाठी बंद ठेवा, म्हणजे दार बंद होण्याचा आणि बाळ येण्याचा काळ एकच असणार नाही. लघवीचा रिपोर्ट आला की त्यातले आकडे आणि मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये काय दिसलं ते लिहा. बॅगेवर नक्की काय झालं होतं, तेही.